ई-मेलमधील स्वाक्षरी : मर्यादा, जागा आणि दिशा

ई-मेलच्या अखेरीस आपोआप उमटणारा नाव, हुद्दा, संस्था व दूरध्वनी यांचा मजकूर म्हणजे ई-मेलची स्वाक्षरी होय. कायद्याच्या परिभाषेतील डिजिटल स्वाक्षरी निराळी. ती कूटलेखनावर आधारलेली असून भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आणि संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा संघीय कायदा क्रमांक ४६ यांच्या कक्षेत येते. तरीही या दोहोंमधील रेषा वाटते तितकी ठळक नाही. ‘नियोक्लियस विरुद्ध रीस’ या २०१९ च्या खटल्यात इंग्लंडमधील न्यायालयाने वकिलाच्या ई-मेलखाली आपोआप आलेले नाव जमिनीच्या करारासाठी पुरेशी स्वाक्षरी मानले. तो मजकूर आपोआप उमटत असला, तरी तशी व्यवस्था कोणीतरी जाणीवपूर्वक करून ठेवली होती, हे त्यामागचे एक कारण. इंग्लंडमधील निकाल अन्यत्र बंधनकारक नसतो. परंतु वाटाघाटींचा मसुदा धाडताना तो ध्यानात असलेला बरा.

पत्र कोठे संपले हे दाखवण्याची गरज जुनीच आहे. मराठा अमदानीतील पत्रांच्या अखेरीस मोर्तब, म्हणजेच मर्यादामुद्रा, उमटवीत. तिच्यापुढे कोणी मजकूर घुसडू नये हा तिचा हेतू. ई-मेलमध्ये हेच काम दोन आडव्या रेघा व त्यांनंतरची एक मोकळी जागा करते. यूजनेटवर रुळलेला हा संकेत आरएफसी ३६७६ या २००४ च्या दस्तऐवजात नोंदलेला आहे. ती मोकळी जागा दिसत नाही, पण तिच्यावरच सारे अवलंबून असते. ही खूण ओळखणारा प्रोग्राम, उदाहरणार्थ थंडरबर्ड, उत्तर लिहिताना मूळ पत्रातील स्वाक्षरी गाळून टाकतो. खूण नसेल, तर वीस उत्तरांच्या साखळीत तोच पत्ता वीसदा येतो आणि कोणाचा तरी खासगी भ्रमणध्वनी तिऱ्हाइताच्या हाती पडतो. १९९५ च्या आरएफसी १८५५ ने स्वाक्षरी चार ओळींत आटोपावी असे सुचवले होते. बोधचिन्हे आणि गोपनीयतेचा इशारा यांनी ती शिस्त कधीच मोडीत काढली.

उत्तरातील स्वाक्षरीची जागा हा खरा वादाचा मुद्दा. उत्तर वर व मूळ पत्र खाली ठेवण्याची कार्यालयीन रीत आहे. तिथे स्वाक्षरी पार तळाशी गेली, तर ती कोणी वाचत नाही. जीमेलमध्ये ती मूळ पत्राच्या वर आणण्याचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो आणि तो निवडताच दोन रेघांची खूण नाहीशी होते. सोय मिळते, मर्यादा जाते. आउटलुकमध्ये नव्या पत्राला एक आणि उत्तराला दुसरी स्वाक्षरी नेमता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते हीच व्यवस्था सर्वांत समंजस आहे : पहिल्या पत्राला पूर्ण पत्ता, पुढे केवळ नाव. पाठवणाऱ्याचा पत्ता बदलताच स्वाक्षरीही बदलावी. मात्र वापरकर्त्याने तिच्यात हाताने काही दुरुस्ती केली असेल, तर प्रोग्रामने ती विचारल्याशिवाय पुसू नये.

अल ऐनसारख्या ठिकाणी आणखी एक गुंता असतो. येथे अरबी व इंग्रजी अशी दुहेरी स्वाक्षरी नित्याची. अरबी परिच्छेद उजवीकडून डावीकडे चालतो आणि त्यात मोकळ्या जागा सोडून लिहिलेल्या दूरध्वनी क्रमांकाचे गट उलट क्रमाने दिसतात. ९७१ हा देशाचा क्रमांक व ३ हा अल ऐनचा विभाग क्रमांक उजव्या टोकाला जातात, अधिकचे चिन्ह त्यांच्याही पलीकडे. प्रत्येक गटातील अंक जागच्या जागी राहतात, त्यामुळे चूक चटकन लक्षात येत नाही. (देवनागरी अंकांना युनिकोड डावीकडून चालणाऱ्या अक्षरांत गणते, म्हणून त्यांचे गट फिरत नाहीत, पण आखातात तसा क्रमांक वाचणार कोण!) यावर उपाय म्हणजे क्रमांकापुरती डावीकडून उजवीकडे अशी दिशा स्वतंत्रपणे नेमणे. ते काम प्रोग्रामचे आहे. तो करीत नसेल, तर क्रमांक मोकळ्या जागा न सोडता इंग्रजी भागात वेगळ्या ओळीवर लिहावा. क्रमांक चित्रात घालणे हा उपाय नव्हे. बरेच प्रोग्राम बाहेरून येणारी चित्रे रोखतात आणि चित्रातील क्रमांक नकलूनही घेता येत नाही.

स्वाक्षरीत कार्यालयीन वार दिले असतील, तर तेही तपासून पाहावेत. अमिरातीतील संघीय सरकारची साप्ताहिक सुटी जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार झाली असून शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते. ‘रविवार ते गुरुवार’ असे लिहिलेली जुनी स्वाक्षरी पुण्याच्या माणसाला रविवारी फोन करायला लावते.