इंधनपंपाची क्षमतावाढ (सुपरचार्जर मोटारगाडी)

सुपरचार्जर इंजिनात जादा हवा कोंबतो. त्या प्रमाणात पेट्रोल पोचले नाही, तर मिश्रण विरळ होते, अपस्फोट सुरू होतो आणि पिस्टन वितळू शकतात. फोर्डच्या २००३-०४ च्या मस्टँग कोब्रात ४.६ लिटर व्ही-८ इंजिनावर ईटनचा सुपरचार्जर आणि टाकीत दोन पंप होते. सुपरचार्जरची पुली लहान करून हवेचा दाब बराच वाढवला, की हे पंप अपुरे पडतात. म्हणून फोर्ड जीटी या गाडीचे जोडपंप बसवण्याची पद्धत रूढ झाली. वायरिंगकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. बारीक तारेत व्होल्टेज घटले, की नवाकोरा पंपही मंदावतो. जाड तार आणि पक्के अर्थिंग हवेच. इंधन-रेलमधला दाब पूर्ण थ्रॉटलवर, भाराखाली तपासावा. गाडी उभी असताना तो ठीकच दिसतो.