कौमी तराना : 'जन गण मन'ची वाटचाल

राष्ट्रगीत रोज गायले जाते, पण त्याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. परिपाठाच्या वेळी आपण बावन्न सेकंद सावधान उभे राहतो आणि मग आपापल्या वर्गात जातो. हे गीत रवींद्रनाथ टागोरांनी लिहिले, एवढे कोणतेही मूल सांगेल. ते राष्ट्रगीत कसे झाले, हे मात्र आम्हा शिक्षकांपैकीही अनेकांना सांगता येत नाही. इतिहासाची जागा रिकामी राहिली की तेथे अफवा येऊन बसते. 'हे गीत इंग्रज बादशहाच्या स्तुतीसाठी लिहिले गेले' ही त्यातली एक अफवा. दुसरी गोष्ट उघड बोलली जात नाही, पण नजरेतून विचारली जाते : या गीताशी मुसलमानांचे नाते काय? या दोन्हींचे उत्तर भावनेच्या भरात नव्हे, तर सनावळी समोर ठेवून द्यायला हवे.

आधी बादशहाची गोष्ट पाहू. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने बंगालची फाळणी रद्द झाल्याची घोषणा केली. त्याच महिन्याच्या अखेरीस कलकत्त्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले. २७ डिसेंबरला, अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, 'जन गण मन' प्रथम गायले गेले. फाळणी रद्द केल्याबद्दल बादशहाचे आभार मानणारा ठरावही त्याच दिवशी झाला आणि रामभुज चौधरी यांचे बादशहाच्या स्वागताचे हिंदी गीतही म्हटले गेले. इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी या दोन गीतांची गल्लत केली आणि टागोरांनी बादशहाचे स्वागतगीत गायिले, असे छापून टाकले. घोटाळा झाला तो इथे.

स्वतः टागोरांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेल्या पत्रात याचा खुलासा केला आहे. सरकारदरबारी वजन असलेल्या एका परिचिताने बादशहासाठी गीत लिहिण्याची विनंती केली, तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटले आणि संतापही आला. त्या उद्वेगातून आपण युगानुयुगे मानवाच्या रथाचे सारथ्य करणाऱ्या भाग्यविधात्याचे गीत लिहिले. तो सारथी कोणताही जॉर्ज असूच शकत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर १९१९ मध्ये 'सर' ही पदवी नाकारणाऱ्या कवीचे हे म्हणणे आम्हाला पुरेसे वाटते.

जानेवारी १९१२ मध्ये हे गीत 'तत्त्वबोधिनी पत्रिके'त 'भारत भाग्यविधाता' या नावाने छापून आले. मूळ गीताची कडवी पाच आहेत. आपण राष्ट्रगीत म्हणून गातो ते त्यातले फक्त पहिले. दुसऱ्या कडव्यात कवीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा सात समाजांची नावे घेतली असून पूर्व आणि पश्चिम एकत्र येऊन प्रेमाचा हार गुंफतात, असे चित्र रेखाटले आहे. राष्ट्रगीताचा अर्थ उर्दूतून समजावताना आम्ही या दुसऱ्या कडव्याचा अर्थही मुलांना सांगतो. आपले नाव या गीताच्या मूळ रचनेतच आहे, हे त्यांना कळलेच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

पुढचा महत्त्वाचा टप्पा १९३७ चा. तोपर्यंत काँग्रेसच्या सभांमधून 'वंदे मातरम्' गायले जात होते. १८९६ च्या कलकत्ता अधिवेशनात ते खुद्द टागोरांनीच गायले होते. पण या गीताच्या पुढच्या कडव्यांत देवीची आराधना आहे आणि ते ज्या 'आनंदमठ' कादंबरीत आले तिच्या कथानकाबद्दलही मुसलमानांची हरकत होती. काँग्रेस कार्यकारिणीने ही हरकत झिडकारली नाही. टागोरांचा सल्ला घेतला गेला आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये फक्त पहिली दोन कडवी गावीत, असे ठरले. इतर गीतांचा विचार करण्यासाठी मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, सुभाषचंद्र बोस आणि आचार्य नरेंद्र देव यांची समितीही नेमली गेली. एका समाजाने आपली अडचण सांगावी आणि इतरांनी ती शांतपणे ऐकून घ्यावी, ही रीत त्या काळात जिवंत होती. आज तिची आठवण विशेष होते.

या समितीतल्या सुभाषबाबूंनीच पुढे 'जन गण मन'ला परदेशात मान मिळवून दिला. २ नोव्हेंबर १९४१ रोजी बर्लिनमध्ये 'आझाद हिंद केंद्रा'ची पहिली बैठक झाली आणि तेथे हे गीत राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले गेले. १९४२ मध्ये हॅम्बुर्गच्या एका समारंभात जर्मन वाद्यवृंदाने ते वाजवले. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता, पण त्याचे गीत स्वतंत्र झाले होते!

याच बर्लिनमध्ये नेताजींना एक तरुण साथीदार मिळाला. त्याचे नाव आबिद हसन. मूळचा हैदराबादचा हा तरुण इंजिनियरिंगच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेला होता. शिक्षण बाजूला ठेवून तो नेताजींचा चिटणीस झाला. 'जय हिंद' हे अभिवादन त्यानेच सुचवले, असे मानले जाते. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी जर्मन पाणबुडीतून आशियाकडे निघाले, तेव्हा बरोबर घेतलेला एकमेव भारतीय म्हणजे आबिद हसन. मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात दोघे जपानी पाणबुडीत चढले आणि सुमारे तीन महिन्यांच्या प्रवासानंतर सुमात्राजवळच्या साबांग बेटावर उतरले.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात आझाद हिंद सरकारची स्थापना झाली. फौजेत पंजाबी होते, पठाण होते, गोरखे होते, मलायाच्या रबराच्या मळ्यांतले तमिळ मजूरही होते. या सर्वांना संस्कृतप्रचुर बंगाली समजणे कठीण होते. म्हणून सोप्या हिंदुस्तानीत गीत करायचे ठरले. आझाद हिंद रेडिओवरचे मुमताज हुसेन आणि आबिद हसन यांनी मिळून 'जन गण मन'वर आधारित नवे गीत रचले, 'शुभ सुख चैन'. गोरखा पलटणीतून आलेल्या कॅप्टन रामसिंह ठाकुरी यांनी ते वाद्यवृंदावर बसवले. यालाच फौजेत 'कौमी तराना' म्हणत. प्रांतांची नावे मूळ गीतातलीच राहिली, त्यात आपला 'मराठा'ही राहिला. 'अधिनायक' मात्र गेला आणि जयजयकार थेट भारताच्या नावाचा झाला. ज्या शब्दावरून बादशहाची अफवा उठली होती, तो शब्दच या तराण्यात उरला नाही.

लिपीचा झगडाही फौजेने मिटवला. हिंदुस्तानी भाषा रोमन लिपीत लिहायची, म्हणजे नागरीवाल्यांचीही तक्रार नाही आणि उर्दूवाल्यांचीही नाही. फौजेचे ब्रीद तर निखळ उर्दूत होते : इत्तेहाद, एतेमाद, कुर्बानी. आबिद हसन यांनी आपल्या नावापुढे 'सफरानी' जोडले, त्याचीही कथा सांगितली जाते. निशाणाच्या रंगावरून हिंदू सैनिक भगवा आणि मुस्लिम सैनिक हिरवा मागत होते. अखेर हिंदू सैनिकांनी आपला हट्ट सोडला. त्यांचे मन पाहून आबिद हसन यांनी केशरी रंगच आपल्या नावात घेतला. हे नाव त्यांनी मरेपर्यंत मिरवले. स्वातंत्र्यानंतर ते भारताच्या परराष्ट्र सेवेत राहिले आणि १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्वातंत्र्यानंतर निर्णय व्हायचा होता. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीच्या बैठकीत 'वंदे मातरम्' झाले आणि शेवटी इक्बालांचे 'सारे जहाँ से अच्छा' व 'जन गण मन' गायले गेले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताच्या प्रतिनिधींकडे राष्ट्रगीत मागितले गेले, तेव्हा 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका दिली गेली. तेथील वाद्यवृंदाने ते वाजवले आणि अनेक देशांच्या लोकांना ते आवडले. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी सभागृहात ही हकीकत सांगितली. राष्ट्रगीताला शब्दांइतकीच, किंबहुना जास्तच, चाल महत्त्वाची असते, असे त्यांचे मत होते. आपल्या महाराष्ट्राचे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी 'वंदे मातरम्'ही बँडवर वाजवता येते, हे दाखवण्यासाठी मोठी खटपट केली, हेही येथे नोंदवायला हवे. अखेर २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी संविधान सभेत निवेदन केले : 'जन गण मन' हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यातील कामगिरीमुळे 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान. मतदान झाले नाही, कोणाचा जय झाला नाही, कोणाचा पराजय झाला नाही.

एका बंगाली ब्राह्मो कवीचे शब्द, हैदराबादच्या मुसलमानाची हिंदुस्तानी आणि गोरखा सैनिकाचे वादन, अशा अनेक हातांनी या गीताची वाट घडली आहे. म्हणून ते कोणाच्या निष्ठेची परीक्षा घेण्याचे साधन होऊ शकत नाही. १९८६ मध्ये केरळातील तीन ख्रिस्ती मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले : ती मुले धर्मश्रद्धेमुळे गात नव्हती, पण आदराने उभी राहत होती, त्यात अपमान नाही.

आमच्या मुलांना तर गाण्याची अडचण कधीच नव्हती. ती रोज मोठ्याने गातात. त्यांना हवा आहे तो गीतामागचा इतिहास, आणि तो देणे हे पालकांचे व शिक्षकांचे काम आहे. टागोरांबरोबर आबिद हसन सफरानी, मुमताज हुसेन आणि रामसिंह ठाकुरी ही नावेही त्यांच्या तोंडी असू द्या. मग कोणी नजरेने प्रश्न विचारला, तर आमची मुले मान खाली घालणार नाहीत. सनावळीसकट उत्तर देतील.