अपस्मारातील लिंगभेद

अपस्मार (बोलीभाषेत फेफरे, मिरगी किंवा आकडी) या मेंदूविकाराची कारणे, झटक्यांचे स्वरूप, उपचार आणि सामाजिक परिणाम यांत स्त्री व पुरुष रुग्णांमध्ये आढळणाऱ्या फरकांना अपस्मारातील लिंगभेद म्हणतात.

प्रमाण व प्रकार

अपस्माराचे प्रमाण पुरुषांत किंचित अधिक आढळते. डोक्याला होणारी दुखापत व मद्यपान ही त्याची काही कारणे मानली जातात. किशोरवयीन मायोक्लोनिक अपस्मार मात्र मुलींत काहीसा अधिक दिसतो.

संप्रेरकांचा परिणाम

इस्ट्रोजेन हे संप्रेरक सामान्यतः मेंदूपेशींचे उत्तेजन वाढवते. याउलट प्रोजेस्टेरॉनपासून बनणारे ॲलोप्रेग्नॅनोलोन ‘गाबा’ या दमनकारी रसायनाचा प्रभाव वाढवून झटक्यांना आळा घालते. मासिक पाळीपूर्वी प्रोजेस्टेरॉनची पातळी झपाट्याने घटते, म्हणून काही स्त्रियांना त्या दिवसांत जास्त झटके येतात. पाळीशी निगडित अशा झटक्यांवर ब्रोमाइड गुणकारी असल्याचे चार्ल्स लोकॉक या इंग्रज वैद्याने १८५७ मध्ये सांगितले होते.

औषधोपचार

गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतल्यास अर्भकात जन्मजात व्यंगे आणि बौद्धिक विकासातील अडचणी यांचा धोका वाढतो. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांसारख्या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. तथापि औषध एकाएकी बंद केल्यास तीव्र झटके येऊन माता व गर्भ दोघांनाही धोका संभवतो. म्हणून औषधातील बदल गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांच्या सल्ल्याने करणे आवश्यक असते. या विषयाच्या अभ्यासासाठी केरळमध्ये १९९८ पासून गर्भवती रुग्णांची नोंदवही ठेवली जाते.

सामाजिक व कायदेशीर बाजू

हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारे अपस्माराचे झटके हा विवाहातील अडसर ठरवला गेला होता. १९९९ च्या दुरुस्तीने ‘अपस्मार’ हा शब्द वगळण्यात आला. ही तरतूद दोघांनाही लागू होती. तरीही लग्न मोडण्याच्या भीतीने आजार लपवण्याचे, आणि त्यापायी औषध चुकण्याचे, प्रसंग मुलींच्या वाट्याला अधिक येतात. ग्रामीण भागात चुलीशी स्वयंपाक करताना भाजणे, तसेच विहिरीवर वा नदीवर बुडणे हे झटक्याशी संबंधित धोके आहेत.

प्रथमोपचार

झटका आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवण्याच्या प्रथेला वैद्यकीय आधार नाही. रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.