सोप्याच्या भिंतीवरचा हिशेब

आमचे शहापूरचे घर विकावे की राखावे, यावर आम्हा भावंडांत सात वर्षे वाद चालला होता. धाकटा पुण्याला, बहीण हुबळीला, मी इथेच. पण टिळकवाडीत फ्लॅटमध्ये. घराला मात्र कुलूप. अखेर २०२२च्या उन्हाळ्यात असे ठरले की, आधी घर आतून दुरुस्त करावे आणि मग काय तो निर्णय घ्यावा. आई म्हणाली, "विकायचंच असेल तर निदान माणसात आणून विका."

आज शहापूर म्हणजे बेळगावचाच एक भाग. जुन्या काळी तसे नव्हते. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला. पण लगतची शहापूर पेठ सांगलीच्या पटवर्धनांकडे राहिली. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत तिथे सांगलीचाच अंमल होता. शहापूर, वडगाव, खासबाग या बाजूला हातमाग चालत. शहापुरी साडीचे नाव झाले ते त्यामुळेच. आमच्या दाराच्या चौकटीवर शके १८०२ कोरलेले आहे, म्हणजे इसवी सन १८८०. आमचे घराणे सुताच्या आणि लुगड्यांच्या व्यापारातले, सचोटीचे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

काम सोप्यापासून सुरू केले. भिंती दगडामातीच्या, वर चुन्याचा गिलावा. आमच्या वडिलांच्या काळात त्यावर सिमेंट थापले गेले आणि वरून हिरवा ऑइलपेंट. तेव्हा ती सुधारणा वाटली होती. पण दगडामातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू सुकून जाते. सिमेंट ती आत कोंडून ठेवते. मग पोपडे निघतात, मीठ फुटते. आमचे गवंडी बैलहोंगलकडचे, साठी उलटलेले. त्यांनी सगळे सिमेंट उतरवायला लावले. विझवलेला चुना तीन आठवडे पाण्याखाली ठेवला, चाळलेली वाळू मिसळली, गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घातले. भाचरे सुट्टीला आलेली. ती पत्र्याच्या पट्ट्या घेऊन भिंत खरवडायला बसली. चुन्याच्या सफेदीचे थर मोजता मोजता अकरा भरले. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे आपल्याही भागात पसरला, त्या काळी घरांना चुना मारीत, कौले काढून आत ऊन सोडीत. अकरांतला एखादा थर त्या धास्तीचाही असेल.

सोप्याच्या कोपऱ्यात एक शहाबादी फरशी पोकळ वाजत होती. ती उचलली तर खाली वीटकर भरलेला चौकोनी खड्डा. ८८ वर्षांच्या आत्याबाईंना खुर्चीवर बसवून आणले. त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "मागाचा खड्डा रे तो. त्यात पाय सोडून माणूस विणायला बसायचा. खालच्या ओलाव्यानं धागा तुटत नाही." आम्ही एकमेकांकडे पाहिले. व्यापारी म्हणवणाऱ्या घरात माग!

दुसऱ्याच दिवशी खड्ड्यालगतच्या भिंतीवर, सर्वांत खालच्या गिलाव्यावर, खिळ्याने ओढलेल्या रेघा दिसल्या. दोन रांगा होत्या. वरची मोडी. मोडी शाळांतून गेल्यानंतर जन्मलेले आम्ही, आम्हाला त्यातले अक्षर लागेना. आत्याबाई संस्थानी शाळेत मोडी शिकलेल्या. त्यांनी बोट फिरवीत वाचले, "लुगडी चार... लुगडी सात..." खालच्या रांगेपाशी त्याही अडल्या. तेव्हा गवंडी थापी खाली ठेवून पुढे आले. "इदु लेक्क ऐत्री," म्हणाले, आणि कानडी आकडे एकेक करून सांगू लागले. चार. सात. नऊ. वर धनी लिहीत होता, खाली विणणारा. दोघांचा हिशेब एकाच भिंतीवर, आपापल्या लिपीत.

शेवटच्या जोडीला मात्र गवंडी थांबले. वर मोडीत अकरा होते. खाली कानडीत बारा.

सोप्यात कुणी काही बोलेना. आमच्या सचोटीच्या गोष्टी सगळ्यांनाच पाठ होत्या. थोड्या वेळाने धाकटा म्हणाला, "दादा, यावर गिलावा करून टाकू. लोक काय म्हणतील?" बहीण म्हणाली, "कदाचित त्यानंच चुकीचं लिहिलं असेल." त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "असेल. नाहीतर आपल्या माणसानं. आजी सांगायची, कानडी विणकर होता, पुष्कळ वर्षं होता. एक दिवस उठून गेला. का गेला ते तिनं कधी सांगितलं नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. सीमाभागात वाढलेला मी. १९५६ साली राज्ये भाषेवर वाटली गेली, त्याची झळ घरोघर बसली, आमच्याही बसली. अन्याय म्हटला की तो आपल्यावर झालेला, हे मनात पक्के. आपल्याच सोप्यात, आपल्याच माणसाकडून, दुसऱ्याचे एक लुगडे कमी धरले गेले असेल, हे कधी मनाला शिवलेही नव्हते. अकरा खरे की बारा, हे आता ठरवता यायचे नाही. पण बारा लिहिणाऱ्याने ते धन्याच्या भिंतीवर, धन्याच्या आकड्याखाली लिहिले, एवढे मात्र खरे.

सकाळी आईला विचारले. ती म्हणाली, "भिंत लिंपली म्हणून हिशेब मिटतो होय?" मग तेवढा हातभर भाग आम्ही तसाच ठेवला. भोवती नवा चुना आहे, त्यावर काही नाही. खड्डा साफ करून त्यावर सागवानी फळी टाकली. पोरे ती उचलून आत पाय सोडून बसतात.

घर विकायचा विषय अजून मिटलेला नाही. धाकट्याने एवढेच सांगितले आहे की, विकले तर घेणाऱ्याला ती भिंत आधी दाखवायची, आणि दोन्ही रांगा वाचून दाखवायच्या. खालची रांग वाचता यावी म्हणून त्याची मुलगी कानडी आकडे शिकली आहे. मीही शिकलो.