ईस्ट लान्सिंगचे हस्तांदोलन

अमेरिकेत मार्च महिना लागला की महाविद्यालयीन बास्केटबॉलचा ज्वर चढतो. आज ६८ विद्यापीठांचे संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात आणि जो हरला तो घरी गेला, असा तिचा साधा व निष्ठुर नियम आहे. सेमिनरीतील संध्याकाळच्या खेळाच्या तासाने आम्हांस या खेळाची गोडी लावली. तेव्हापासून तीसएक वर्षे आम्ही दुरूनच या स्पर्धेची वारी करीत आलो आहोत. आधी जुन्यापुराण्या क्रीडामासिकांतून आणि पुढे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून. १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ रचला. त्याच संस्थेमार्फत तो भारतात आला आणि मुंबईच्या नागपाड्यात चांगलाच रुजला. परंतु आम्हांस आज सांगायची आहे ती कथा आमच्या जन्मापूर्वीची, १९६३ सालातली आहे. जुन्या रसिकांच्या आठवणी वाचता वाचता ती आम्हांस आमचीच आठवण वाटू लागली.

शिकागो शहरात येशूसंघीय धर्मगुरूंनी १८७० साली स्थापन केलेले लोयोला विद्यापीठ आहे. आमच्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाहून ते एका वर्षाने धाकटे. या विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते जॉर्ज आयर्लंड. त्या काळी अमेरिकेतील प्रशिक्षकांत एक अलिखित संकेत असे, की कृष्णवर्णीय खेळाडू एका वेळी दोन किंवा फार तर तीनच मैदानात उतरवावेत. आयर्लंडनी हा संकेत मोडला. त्यांच्या पहिल्या पाचांत चार कृष्णवर्णीय होते : न्यूयॉर्कचे जेरी हार्कनेस व रॉन मिलर, नॅशव्हिलचे लेस हंटर व व्हिक रौस. पाचवा जॉन ईगन, शिकागोचाच गोरा मुलगा. डिसेंबर १९६२ मध्ये वायोमिंगविरुद्धच्या सामन्यात तर काही वेळ पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते.

कर्णधार हार्कनेस हा गरिबीत वाढलेला मुलगा. बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ज्यांनी पाडली त्या जॅकी रॉबिन्सन यांनी हार्लेमच्या वायएमसीएत त्याचा खेळ पाहिला आणि त्याला उत्तेजन दिले, असे तो पुढे आयुष्यभर सांगत असे. संघ दक्षिणेकडे खेळायला गेला की प्रश्न उभे राहात. न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना सहकाऱ्यांच्या हॉटेलात जागा मिळेना, म्हणून त्यांची सोय कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी करावी लागली. हार्कनेसच्या नावे कू क्लक्स क्लॅनची धमकीची पत्रे येत.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. मिसिसिपी राज्यात कोणताही कायदा लिहिलेला नसताना एक नियम कायद्याहून कडकपणे पाळला जाई : राज्यातील गोऱ्या विद्यापीठांचे संघ कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळणार नाहीत. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ उत्तम होता. प्रशिक्षक बेब मॅकार्थी यांच्या हाताखाली त्याने १९५९, १९६१ व १९६२ साली आपल्या विभागाचे अजिंक्यपद पटकावले आणि तिन्ही वेळा राष्ट्रीय स्पर्धेला न जाता तो घरी बसला. खेळाडूंनी कमावलेले पान दुसऱ्याच्या पानात वाढले जाई. १९६३ मध्ये चौथ्यांदा तोच प्रसंग आला. मधल्या काळात, १९६२च्या सप्टेंबर अखेरीस, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून त्याच राज्यातील दुसऱ्या विद्यापीठात दंगल पेटून दोन माणसे मेली होती. या पार्श्वभूमीवर विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्वर्ड यांनी २ मार्च रोजी जाहीर केले की संघ जाईल.

गदारोळ झाला. विद्यापीठांच्या नियामक मंडळाने कोल्वर्ड यांना पाठिंबा दिला, पण १३ मार्चला विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. हुकूम बजावायचा तर ज्याच्यावर बजावायचा तो माणूस हाती लागला पाहिजे. कोल्वर्ड शेजारच्या अलाबामा राज्यात निघून गेले. मॅकार्थी रात्रीच मेम्फिसला पोहोचले व तेथून नॅशव्हिलला गेले. सकाळी विमानतळावर आधी राखीव खेळाडूंना पाठवण्यात आले. पोलीस अडवतात काय हे पाहण्यासाठी. कोणी अडवत नाही असे दिसताच वसतिगृहात थांबलेले मुख्य खेळाडू धावत आले आणि विमान उडाले. नॅशव्हिलला प्रशिक्षक भेटले व मंडळी मिशिगनच्या वाटेला लागली. आपल्याकडे परीक्षेला दांडी मारून सिनेमाला पळालेल्या मुलांची गोष्ट सांगावी, तशी ही गोष्ट त्या खेळाडूंनी म्हातारपणी हसत हसत सांगितली आहे. पण ही मुले खेळायला पळाली होती आणि त्यांच्यामागे सरकारचा हुकूम होता, हे विसरता येत नाही. तो हुकूम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी त्याच सुमारास स्थगित केला.

शुक्रवार, १५ मार्च १९६३. मिशिगनमधील ईस्ट लान्सिंग येथील जेनिसन फील्डहाउस. सुमारे १२ हजार प्रेक्षक. सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधार मध्यभागी आले. एकीकडे हार्कनेस, दुसरीकडे मिसिसिपी स्टेटचा जो डॅन गोल्ड. दोघांनी हात मिळवले आणि चोहोबाजूंनी छायाचित्रकारांचे दिवे लखलखले. हा नुसता सामना नाही हे त्या झगझगाटात आपल्या ध्यानात आले, असे हार्कनेस पुढे सांगे. त्या क्षणाचे छायाचित्र उपलब्ध आहे. दोन तरुणांचे साधे हस्तांदोलन. आज पाहणाऱ्याला त्यात काय एवढे असे वाटेल.

खेळ मात्र अगदी सभ्यपणे झाला. मिसिसिपी स्टेटने संथ, मोजूनमापून खेळत पहिले सात गुण घेतले आणि लोयोलाचे खाते उघडेना. पण सरासरी ९०हून अधिक गुण करणारा तो संघ हळूहळू सावरला व ६१-५१ असा जिंकला. ना शिवीगाळ, ना धक्काबुक्की. ज्यांना एकत्र उभे करणेही अधर्म मानले जाई त्यांनी ४० मिनिटे एकमेकांना घाम फोडला. सामना संपला आणि जगबुडी झाली नाही.

लोयोलाची पुढची वाटचाल रसिकाच्या दृष्टीने अद्भुत आहे. पहिल्याच फेरीत त्यांनी टेनेसी टेकला १११-४२ असे धुतले होते. ६९ गुणांचे ते अंतर स्पर्धेच्या इतिहासात आजही अव्वल आहे. इलिनॉय व ड्यूक यांना मागे टाकून २३ मार्चला लुईव्हिल येथे ते अंतिम सामन्यात आले. समोर होते सलग दोन वर्षांचे विजेते सिनसिनाटी. दोन्ही संघांच्या पहिल्या पाचांतील दहांपैकी सात जण कृष्णवर्णीय होते. राष्ट्रीय अंतिम सामन्यात असे पूर्वी घडले नव्हते.

उत्तरार्धात सिनसिनाटी १५ गुणांनी पुढे होते. हार्कनेसला दीर्घकाळ एकही गोल करता आला नव्हता. येथे नव्या वाचकांना एक सांगायला हवे. चेंडू ठराविक सेकंदांत टोपलीकडे फेकलाच पाहिजे हा नियम महाविद्यालयीन पुरुष खेळात १९८५च्या हंगामापासून आला, आणि तीन गुणांचा गोल त्याच्या पुढच्या वर्षी. त्यामुळे पुढे असलेल्या संघाने चेंडू आपापसांत फिरवत वेळ काढावा, ही तेव्हाची मान्य युक्ती होती. सिनसिनाटीने तेच केले आणि आमच्या मते तेथेच त्यांचा घात झाला. बचाव करू लागलेला संघ चुकू लागतो. लोयोलाच्या मुलांनी चेंडू हिसकावायला सुरुवात केली, अंतर एकेक गुणाने वितळू लागले, आणि शेवटचे चार सेकंद उरले असता हार्कनेसच्या हातून ५४-५४ अशी बरोबरी झाली. जादा पाच मिनिटांत ५८-५८ असताना शेवटचा हल्ला झाला. हार्कनेसने चेंडू हंटरकडे दिला, हंटरचा नेम कड्याला लागून उसळला, रौसने हवेतच तो झेलून पुन्हा टोपलीत टाकला. ६०-५८! आयर्लंडनी पूर्ण ४५ मिनिटांत एकही खेळाडू बदलला नव्हता. त्या पाच जणांच्या पायांचे काय झाले असेल, हे ज्याने उन्हातान्हात अर्धा तास तरी बास्केटबॉल खेळला आहे त्यालाच कळेल.

येथे कोणी कॅथलिक विद्यापीठाचा जयजयकार करून थांबेल. आम्हांस थांबवत नाही. त्याच १९६३च्या जुलैत लोयोलाच्याच लुईस टॉवर्स या इमारतीसमोर काही फ्रान्सिस्कन धर्मभगिनी फलक घेऊन उभ्या राहिल्या. इमारतीतला पोहण्याचा तलाव कॅथलिक स्त्रियांच्या एका क्लबच्या ताब्यात होता आणि तेथे कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश नव्हता. ज्या विद्यापीठाला चार कृष्णवर्णीय मुलांनी मार्चमध्ये अजिंक्यपद मिळवून दिले, त्याच्याच छपराखाली जुलैत ही स्थिती होती! पांढऱ्या-काळ्या झग्यातील त्या भगिनी रस्त्यावर आल्या तेव्हा अनेक सभ्य कॅथलिकांना ते शोभले नाही. मैदानावर टाळ्या वाजवणे सोपे असते. एकाच पाण्यात उतरणे अवघड. पाणवठ्याचा प्रश्न काय असतो हे महाराष्ट्राला आम्ही काय सांगावे! महाडचे चवदार तळे १९२७चे आहे.

मिसिसिपी स्टेटमध्ये पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी रिचर्ड होम्स १९६५ साली दाखल झाला. १९६६ साली टेक्सस वेस्टर्नने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी केंटकीच्या सर्व गोऱ्या संघाला ७२-६५ असे हरवले. त्या सामन्यावर २००६ साली चित्रपटही निघाला आणि लोयोलाची कथा थोडी झाकोळली. पण हार्कनेस व गोल्ड यांची पुढे ओळख वाढली. २०११ साली गोल्ड वारले तेव्हा हार्कनेस त्यांच्या अंत्यविधीस गेले. शवपेटीजवळ कुटुंबीयांनी तेच हस्तांदोलनाचे छायाचित्र ठेवले होते. २०१३ साली, पन्नास वर्षांनी, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी लोयोलाच्या त्या खेळाडूंना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. हार्कनेस २०२१ मध्ये निवर्तले.

आमच्या वाचकांपैकी काहींना लोयोलाचे नाव ठाऊक असेल ते सिस्टर जीन यांच्यामुळे. १९१९ साली जन्मलेल्या या धर्मभगिनी १९९४ पासून संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या. खेळाडूंसाठी प्रार्थना करून झाली की प्रतिस्पर्ध्यांचे कच्चे दुवेही त्या सांगत, हे आम्हांस फार आवडे. २०१८च्या मार्चमध्ये अकराव्या मानांकनाच्या लोयोलाने मायामी, टेनेसी व नेवाडा यांना एकेकदोनदोन गुणांनी नमवले, कॅन्सस स्टेटला सहज हरवले आणि थेट उपान्त्य फेरी गाठली. गळ्यात संघाच्या रंगांचा मफलर घालून चाकाच्या खुर्चीत बसलेल्या ९८ वर्षांच्या सिस्टर त्या वेळी साऱ्या देशाच्या लाडक्या झाल्या. उपान्त्य सामन्यात मिशिगनने लोयोलाला ६९-५७ असे हरवले. सिस्टर जीन ऑक्टोबर २०२५ मध्ये १०६व्या वर्षी प्रभुघरी गेल्या. त्याआधी काही आठवड्यांपर्यंत संघाचे त्या पद त्यांच्याकडेच होते.