रक्तदात्यांची आरोग्यसाक्षरता

रक्तदान कोणी करावे, केव्हा टाळावे आणि रक्तपेढीच्या प्रश्नांचा व तपासणीच्या निष्कर्षांचा अर्थ काय, याची रक्तदात्यास असलेली जाण म्हणजे रक्तदात्यांची आरोग्यसाक्षरता होय. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या कल्याण–कर्जत लोहमार्गावरील शहरांत थॅलेसेमियामुळे या विषयास विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांचे पुनर्वसन झाले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. तेथील भाग आजही कॅम्प १ ते ५ याच क्रमांकांनी ओळखले जातात. भारतात बीटा थॅलेसेमियाचे वाहक सुमारे ३ ते ४ टक्के असून सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली आदी समाजांत हे प्रमाण अधिक आढळते. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्यास तीव्र थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बालकास साधारणतः दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. मे महिन्याच्या सुटीत शिबिरे कमी होतात, बालकाची गरज मात्र कमी होत नाही.

हिमोग्लोबिन आणि वाहकत्व

रक्तदात्याचे वय १८ ते ६५ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. पुरुषांना ९० व स्त्रियांना १२० दिवसांच्या अंतराने रक्तदान करता येते. अनेक शिबिरांत रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात; तो बुडाला नाही तर रक्तदात्यास परत पाठवले जाते. ‘रक्त कमी आहे’ एवढेच ऐकून तो घरी जातो आणि लोहाच्या गोळ्या सुरू करतो. बहुतेकांच्या बाबतीत कारण लोहाची कमतरता हेच असते; परंतु काही जण थॅलेसेमियाचे वाहक असतात आणि गोळ्यांनी त्यांचे वाहकत्व जात नाही. लाल पेशींचा आकार लहान आढळल्यास हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी करून निदान होते. ही तपासणी विवाहापूर्वी झाल्यास उपयोग सर्वाधिक.

याची उलट बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. अनेक वाहकांचे, विशेषतः पुरुषांचे, हिमोग्लोबिन १२.५ हून अधिक असते. रक्तपेढी प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग (सिफिलिस) व मलेरिया यांसाठी चाचणी करते. थॅलेसेमियाची चाचणी त्यांत नसते. त्यामुळे वीस वेळा रक्तदान केलेली व्यक्तीही वाहक असू शकते. वाहक हा रुग्ण नव्हे, हेही सांगणे आवश्यक आहे. वाहकत्व लपवण्याकडे कल असतो तो बहुधा विवाह जुळवताना.

प्रश्नावली

गोंदण, कावीळ, मलेरिया, अलीकडील शस्त्रक्रिया यांविषयीचे प्रश्न औपचारिक नसतात. गोंदणानंतर १२ महिने, तर मलेरियातून बरे झाल्यावर तीन महिने रक्तदान करता येत नाही. संसर्गानंतरच्या आरंभीच्या काळात चाचणीत दोष दिसत नाही. अद्ययावत चाचण्यांनी हा काळ कमी झाला, संपलेला नाही. म्हणून केवळ एचआयव्ही तपासून घेण्यासाठी रक्तदान करणे घातक असते. त्यासाठी शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत मोफत व गोपनीय सोय आहे. रक्त दिल्यानंतर एखादी गोष्ट आठवल्यास रक्तपेढीस कळवून ती पिशवी बाजूला ठेवण्यास सांगता येते.