हवामानबदल आणि डासजन्य रोगांच्या जोखमीचे मूल्यमापन

डासजन्य रोगांच्या जोखमीचे मूल्यमापन म्हणजे डेंग्यू, चिकुनगुन्या, हिवताप यांसारखे रोग एखाद्या प्रदेशात केव्हा व किती पसरू शकतील, याचा हवामान, डासांची घनता आणि लोकांचे राहणीमान यांवरून बांधलेला अंदाज. अवर्षणप्रवण मराठवाड्यात हा अंदाज केवळ पावसावरून बांधता येत नाही. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुका अशाच प्रदेशात मोडतो.

हवामानाचा प्रभाव

डेंग्यूचा विषाणू डासाच्या शरीरात वाढून डास संसर्गक्षम होण्यास साधारणपणे ८ ते १२ दिवस लागतात. उष्ण हवेत हा काळ घटतो. मात्र एडीस इजिप्ती डासामार्फत होणारा प्रसार सुमारे २९° से. तापमानाला सर्वाधिक असतो व त्यापुढे घटत जातो. मराठवाड्याचा ४०° से. ओलांडणारा उन्हाळा त्यामुळे डासांना प्रतिकूल ठरतो. अर्थात वेधशाळेतील तापमान आणि घरातील मोरीजवळच्या सावलीचे तापमान एकच नसते.

पुण्यातील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पुण्यात २७° से.पेक्षा अधिक तापमान, मध्यम व विखुरलेला पाऊस आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता डेंग्यूला पोषक ठरते. आठवड्याला १५० मि.मी.हून अधिक पाऊस झाल्यास अंडी व अळ्या वाहून जातात. हे निष्कर्ष पुण्याच्या नोंदींवर आधारित असल्याने चाकूरला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

पाणीटंचाई व साठवण

एडीस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. नळाला अनेक दिवसांनी पाणी येत असेल, तर घरोघरी रांजण, हौद, पिंप भरून ठेवावे लागतात. ते वरून भरले जातात, पण तळापर्यंत क्वचितच रिकामे होतात. अंड्यातून पूर्ण डास होण्यास उष्ण हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी तर काही महिने टिकतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी पर्जन्यमापकात पाऊस नसतो, परंतु डासांना पाणी घरातच मिळते. म्हणून दोन पाणीपुरवठ्यांमधील दिवसांची संख्या हा या भागातील मूल्यमापनाचा आवश्यक घटक ठरतो.

मोजमाप व मर्यादा

आरोग्य कर्मचारी गृह निर्देशांक (अळ्या आढळलेल्या घरांचे शेकडा प्रमाण) आणि ब्रेटो निर्देशांक (दर शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी) काढतात. दोन्हींत फुलदाणी आणि हौद यांची गणना सारखीच होते, वस्तुतः हौदातून कितीतरी अधिक डास निपजतात. कोषांची मोजणी अधिक अर्थपूर्ण असली तरी तिला वेळ लागतो.

लोकसंख्येची प्रतिकारशक्ती हवामानाच्या नोंदींत दिसत नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली चिकुनगुन्याची साथ आली. त्यानंतर सुमारे तीन दशके देशात या रोगाची मोठी साथ नोंदली गेली नाही. २००५–०६ मध्ये तो परतला, तेव्हा त्या दरम्यान जन्मलेल्या पिढीला त्याचा पूर्वसंसर्ग झालेला नव्हता.